मथळा, पातळी एक

भुसावळला, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत,
कूलरमध्ये बादल्या ओतत, मेच्या अकरा रात्री
मी केळीच्या भावाचं पान बांधलं.
रावेर, सावदा, यावल,
तीन रकाने, शंभराचे तीन सारखे वाटे.
माझ्या पडद्यावर सगळं ओळंब्यात.

सकाळी सातला चिनावलहून गोपाळ बोंडे:
‘ताई, यावल पडलं.’
मला वाटलं, भाव पडला.
‘भाव नाही हो, यावलच.
सावद्याच्या पायाशी जाऊन बसलं.
पोरगं म्हणतं, सावद्याचेच दोन भाव आहेत.
गाडी भरू का नको, तेवढं सांगा.’

त्यांचा फोन जुना, ब्राउझर त्याहून जुना.
पडदा तीनशे वीसचा. तिसरा हिस्सा एकशे सहा,
आणि वर थोडं.
माझा ब्राउझर ते ‘थोडं’ गिळतो,
त्यांचा त्याला अख्खा पिक्सेल देतो.
एकशे सात त्रिक तीनशे एकवीस.
एका पिक्सेलपायी
आख्खा तालुका खालच्या ओळीत.

मी यावलचा एक टक्का कापला.
बाजारात ह्याला कडता म्हणतात, कुणी विचारत नाही.
दुपारी फैजपूरहून तक्रार: यावलशेजारी फट दिसते.

मग मधुकर फिरके आले.
केळी गटाच्या कचेरीत फोन घेतात, डोळ्यांनी दिसत नाही.
जिन्याच्या सोळा पायऱ्या मोजत आले,
टेबलावर फोन ठेवला, म्हणाले, ‘आयक.’
आणि त्यातली बाई एका दमात
रावेर सावदा यावल तेराशे चाळीस बाराशे नव्वद तेराशे दहा
‘याच्यातला यावल कोणता?’
त्यांनी बोटानं पुढचा मथळा मागितला.
बाई म्हणाली, मथळा नाही.
तक्ता मागितला. तक्ता नाही.

मी मथळ्याला मथळा म्हटलंच नव्हतं.
मोठं केलं होतं, ठळक केलं होतं,
हिरवा रंग दिला होता.
आत सगळे डिव्ह, डिव्हात डिव्ह,
चिठ्ठी न लावलेली खोकी.

‘घड, फणी, केळ,’ फिरके म्हणाले,
‘अंधारात हात फिरवला तरी कळते
फणी कुठी संपली.
तू त्याले मोठं केलं वं बाई,
नाव नाही देलं.’

त्या रात्री लाईट दोनदा गेली.
मी एकेक खोकं उघडून नाव लिहीत गेले:
हा मथळा, हा मुख्य मजकूर, हे तळटिपेचं,
हा तक्ता, ही त्याची डोकी, हे त्याचे आकडे.
तांबडं फुटलं तेव्हा पान
हुबेहूब कालच्यासारखं दिसत होतं.

बिलात लिहिलं: नावं ठेवणे, एक रात्र.
सेक्रेटरी भारंबेंनी लाल पेन ओढला.
‘आमच्याच पानाला नावं ठेवायची
आणि पैसेही आमच्याकडूनच?’

आठला फिरकेंचा फोन. ते काही बोलले नाहीत,
पलीकडून ती बाईच बोलली, सावकाश:
मथळा, पातळी एक. आजचे केळीचे भाव.
तक्ता. यावल, तेराशे दहा.

आणि चिनावलला यावल आपोआप वर आलं होतं.
तक्त्याला तक्ता म्हटल्यावर
जुना ब्राउझरही खानं मोडत नाही,
हे मला आधी सुचायला हवं होतं.
फक्त उजवी कड जराशी बाहेर जाते,
यावलचा शेवटचा शून्य कापला जातो.
एकशे एकतीस.

मी म्हटलं, काका, आज बसते, करते नीट.
बोंडे म्हणाले,
‘ऱ्हाऊ द्या. शून्य आम्ही धरून घेतो.
गाडी निघाली.’